दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांना कानातलं अ‍ॅक्युपंक्चर शिकवायचंय, सुरुवात कुठनं करू?

बेळगावचा_सुईवाला
नमस्कार मंडळी. मी बेळगावात अ‍ॅक्युपंक्चर करतो. खानापूर, निपाणीकडचे काही डॉक्टर दारूचे पेशंट बघतात, त्यांना नाडाची (NADA, व्यसन सोडवायला कानात सुया लावायची) पाच पॉइंटांची पद्धत शिकायचीय. शेन मेन, सिम्पथेटिक, किडनी, लिव्हर, लंग हे कानावर दाखवायला वेळ लागत नाही, पण नुसते पॉइंट दाखवून पाठवायला मन होईना. आणखी काय घेऊ?

धारवाड_सायकियाट्री
सर, पहिला तास सुईला हातच लावू नका. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, पुढं दोन-चार दिवसांत डीटी, म्हणजे भ्रम, थरथर, ताप, त्यात माणूस जातो पण. तिथं लोराझेपाम किंवा डायझेपाम ही औषधं, थायमिन (व्हिटॅमिन बी1) आणि गरज पडली तर अ‍ॅडमिट, सुईनं फिट थांबत नाही. आणि 2002 चा जामा (JAMA) या अमेरिकन मेडिकल जर्नलमधला, कोकेनच्या व्यसनावर कानातल्या सुयांचा ट्रायल त्यांना दाखवाच. 620 पेशंट होते, खऱ्या पॉइंटवर सुया, दुसऱ्या जागी सुया आणि नुसतं रिलॅक्सेशन, तिन्हीत फरक निघाला नाही. डॉक्टरांना हे आधीच माहीत असलं की ते पेशंटला भलतं आश्वासन देणार नाहीत.

सिस्टर_चिकोडी
सरांचं पटतंय, तरी मी हे शिकलेय म्हणून सांगते, ग्रुपमध्ये कसं बसवायचं ते नक्की शिकवा. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात 1970 च्या दशकात हे वाढलं ते असंच, खुर्च्या मांडून सगळे एकत्र, अर्धा-पाऊण तास गप्प, कोण काही विचारत नाही. आपल्याकडं गावात सगळे एकमेकांच्या घरचे, काउन्सेलिंगला बसलं की माणूस मान वर करत नाही, इथं त्याला बोलावं लागत नाही म्हणून परत येतो आणि परत आला की औषधाचं बोलता येतं. मला तरी याचा खरा उपयोग हाच वाटतो. बाकी सुया एकदाच वापरायच्या, लावलेल्या आणि काढलेल्या मोजायच्या (केसांत, खुर्चीत पडतेत), पांढऱ्या शार्प बॉक्समध्येच टाकायच्या. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत ठेवा.

शिनोळी_नाका
महाराष्ट्राचा 2015 चा अ‍ॅक्युपंक्चर कायदा शिनोळीच्या (महाराष्ट्राच्या हद्दीच्या) अलीकडं, म्हणजे बेळगावात, लागू नाही. कर्नाटकात कोण काय करू शकतो ते वकिलाकडनं लिहून घ्या आणि मगच सर्टिफिकेट छापा.

अथणीची_ताई
मी डॉक्टर नाही, पेशंटची बहीण आहे. भावाला सुयांनी झोप लागायला लागली, बरं वाटलं आणि त्यानं गोळ्याच बंद केल्या, आम्हाला पण वाटलं आता गरज नाही, महिन्याभरात परत प्यायला लागला. गोळी चालू ठेवायची हे सुई लावणाऱ्या डॉक्टरनंच सांगायला पाहिजे हो, दर वेळी, आणि घरच्यांना समोर बसवून. तुमच्या ट्रेनिंगमध्ये एवढं तरी घाला.

बेळगावचा_सुईवाला
ताई, घालतो. सिस्टर, तुम्ही एक सेशन घ्याल काय? मेसेज केलाय.