मावा किडीतला बुकनेरा: ही सहउत्क्रांती की नुसती झीज?

पानावरचा_किडा
बरेच दिवस एक शंका डोक्यात घोळतेय. मावा किडीच्या पेशींत राहणारा बुकनेरा जीवाणू, त्याचा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) २००० साली वाचला गेला, जेमतेम ६ लाख ४० हजार बेसजोड्या (डीएनएची अक्षरं), आणि त्याचाच नातलग, आतड्यात राहणारा ई. कोलाय जीवाणू बघा तर ४६ लाखांच्या वर. सगळीकडे लिहिलेलं असतं की नको असलेली जीन्स त्याने टाकून दिली. पण टाकतंय कोण? डीएनए दुरुस्तीची पण कितीतरी गेलीत, ती कुणाला नको असतात? आणि मावा-बुकनेराचे वंशवृक्ष शेजारी ठेवले की फांदीला फांदी जुळते, तर एवढ्यावर सहउत्क्रांती, म्हणजे दोघं एकमेकांमुळे बदलत गेले, हे सिद्ध झालं म्हणायचं का?

आळशी_जीन
टाकून दिली हा शब्दच डोक्यातून काढा, गळून पडली म्हणा. आईकडून गर्भात थोडेच बुकनेरा जातात, म्हणजे दर पिढीला चिंचोळी वाट, आणि बाहेरच्या जीवाणूंशी जीन्सची देवघेव जवळपास बंद. अशा छोट्या कोंडलेल्या गटात किंचित घातक म्युटेशन (डीएनएतला बदल) नैसर्गिक निवड गाळू शकत नाही, ते नशिबाने टिकतं, आणि एकदा सगळ्यांत पसरलं की परत फिरायला रस्ता नाही. म्युलरचं रॅचेट म्हणतात ते हेच, रॅचेट म्हणजे एकाच बाजूला फिरणारं दातेरी चाक. त्यात जीवाणूंमध्ये डीएनएचे तुकडे गळण्याचं प्रमाण तुकडे भरण्यापेक्षा जास्त, त्यामुळे बिघडलेलं जीन काही काळाने पुसलंच जातं. दुरुस्तीची जीन्सही अशीच गेली, कुणाच्या फायद्यासाठी नाही.

फांदीवाला
वंशवृक्ष जुळण्याबद्दल. त्यावरून एवढंच कळतं की दोघं एकत्र फुटत गेले, बिऱ्हाड आईकडून लेकीकडे गेलं तर ते जुळणारच. सहउत्क्रांती म्हणायला एकाच्या बदलाला दुसऱ्याचं उत्तर दिसायला हवं. ते बघायचं तर ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन घ्या. झाडाच्या रसात ही अमिनो आम्लं पुरेशी नसतात, मावाला स्वतः बनवता येत नाहीत, बुकनेरा बनवतो, पण शेवटच्या पायरीचं एन्झाइम त्याच्याकडे नाही! ती पायरी मावाच्या बॅक्टेरिओसाइट पेशी (बुकनेरा ज्यांत राहतो त्या) पुरी करतात, त्यांच्यात त्या एन्झाइमचं जीन चढ्या पातळीवर चालू असतं. एक रेसिपी आणि दोन स्वयंपाकघरं.

पानावरचा_किडा
अरे वा, हे माहीतच नव्हतं. मग गळलेली जीन्स मावाच्या पेशीच्या केंद्रकात गेली असतील ना, मायटोकाँड्रियासारखी (पेशीला ऊर्जा देणारे हे भाग मुळात जीवाणूच, त्यांची बरीच जीन्स केंद्रकात गेलीत)?

फांदीवाला
मलाही तसंच वाटायचं, पण मावाचा जीनोम २०१० मध्ये आला तेव्हा बुकनेराकडून आलेलं चालतं जीन एकही सापडलं नाही. जीवाणूंकडून आलेली काही आहेत, पण ती दुसऱ्याच जीवाणूंची. त्यातल्या एकाचं प्रोटीन मावा बनवतो आणि ते पोचतं बुकनेराच्या आत. म्हणजे उसनी भांडी तिसऱ्याच्या घरची.

उष्मा_३५
आळशी_जीन यांचं पटलं, पण निवड अगदीच झोपलेली नाही हो. बुकनेरात आयबीपीए नावाचं उष्णतेच्या धक्क्यात कामी येणारं जीन आहे, त्याच्या प्रमोटरमधला (जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यातला) एकच बेस गळला की काम बिघडतं. असा बुकनेरा असलेल्या मावाच्या पिल्लांना काही तास कडक उष्णता दिली तर मोठेपणी त्यांना पिल्लं होतच नाहीत किंवा अगदी कमी होतात, पण थंड हवेत हीच मंडळी पिल्लं लवकर घालायला लागतात (२००७ चं काम). २०१५ मध्ये तर उष्णता न सोसणारा बुकनेरा काढून त्याच जातीच्या दुसऱ्या वाणातला सोसणारा सुईने टोचून बसवला, आणि मावाची स्वतःची जीन्स तीच असूनही तो उष्णता सोसायला लागला.

आळशी_जीन
हो, हे मी सोडून दिलं होतं. एका बेसवर अख्ख्या किडीचं उन्हाळ्यातलं गणित, म्हणजे झीज कुठली आणि जुळवणूक कुठली हे जीन-जीन वेगळं बघावं लागणार. सरसकट उत्तर नाहीच यात.