मदत हवी आहे: इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) बघून फ्लॅटची किंमत कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी. आईबाबांसाठी कोथरूडमध्ये जुना वन बीएचके बघतोय. मालक ८५ लाख सांगतायत, एजंट म्हणतो हाच रेट चालू आहे. म्हणून नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच सोसायटीतले दोन इंडेक्स टू काढले. एकात मोबदला (म्हणजे दस्तात लिहिलेली विक्रीची किंमत) ६८ लाख, बाजारभाव ६१ लाख. दुसऱ्यात मोबदला ७४ लाख. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरवरून (सरकारी दरतक्त्यावरून) मुद्रांक शुल्कासाठी धरलेला आकडा, एवढं कळलं. घोडं अडलंय क्षेत्रफळावर. एकात कार्पेट (भिंतींच्या आतलं), दुसऱ्यात बिल्ट-अप (भिंती धरून), आणि पार्किंगचा उल्लेख एकातच. मग चौरस फुटाचा दर जुळवायचा कसा? दोन वर्षांपूर्वीचा दस्त आज कितपत धरायचा? बाबांची पीएफची सगळी पुंजी यात जाणार आहे. कुणी असा हिशेब मांडून भाव कमी करून घेतला असेल तर प्लीज सांगा. रविवारी बोलणी आहेत.