आईला मेथोट्रेक्सेट दिलंय, केमिस्ट म्हणाला कॅन्सरचं औषध आहे, चालू ठेवायचं की बंद?

सत्तरीची_लेक (रविवार, रात्री ८:१०)
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. आई ५८ वर्षांची, आम्ही वाळपईजवळ राहतो. एप्रिलपासून तिचे दोन्ही हात दुखायला लागले, बोटांची मधली पेरं आणि मुठीची हाडं सुजलेली, सकाळी उठली की दीड-दोन तास मूठच वळत नाही, कप सुद्धा दोन्ही हातांनी धरते. यंदा चवथीला आयुष्यात पहिल्यांदा नेवऱ्या तिने केल्या नाहीत. आदोळीवर बसली नारळ खवायला आणि अर्ध्यावरच उठली, मग गणपतीवर फळांची माटोळी बांधताना बाबांच्या हातात एकेक फळ देत राहिली. तिचं ते तोंड बघून मला आत जाऊन रडू आलं.
आधी गावातल्याच एका डॉक्टरने इंजेक्शन आणि पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी आई एकदम ठणठणीत, अंगण झाडून काढलं, आणि गोळ्या संपल्यावर चार दिवसांत परत तेच, उलट जास्त. असं तीनदा झालं. शेवटी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नेली. रक्तात आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी सीसीपी १८० च्या वर (या दोन्ही संधिवाताच्या टेस्ट), सूज दाखवणारा ईएसआर ६२, युरिक ॲसिड नॉर्मल. जूनमध्ये दोन दिवस ताप आलेला म्हणून चिकनगुनियाची टेस्ट पण केली, ती निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले र्‍हुमटॉइड आर्थरायटिस म्हणजे संधिवात आहे, आणि मेथोट्रेक्सेट १० आणि फॉलिक ॲसिड लिहून दिलं. कसं घ्यायचं ते त्यांनी आईला सांगितलं, मी तेव्हा बिलाच्या लाइनीत होते.
औषध आमच्या इथल्या दुकानातून घेतलं तर तो आईसमोरच विचारतो, घरात कॅन्सर कोणाला आहे? झालं. पाच गोळ्या घेतल्या आणि बंद केल्या, आता हातच लावत नाही. शेजारची मावशी म्हणते चिकनगुनियाचंच राहिलंय, आपोआप जाईल, आणि बांगडा, सुंगटं, वांगी बंद करा. त्यात आईला दोन दिवस तोंड आल्यासारखं वाटतंय, नुसती पेज जेवते. मला कळत नाही कोणाचं ऐकू. हे औषध खरंच कॅन्सरचं आहे का? संधिवाताला का देतात?

जुना_फार्मासिस्ट_फोंडा (रविवार, रात्री ८:३२)
बाय, बाकी सगळं नंतर सांगतो, आधी हे सांग. पाच गोळ्या म्हणजे पाच आठवडे की पाच दिवस? पाकिटावर दुकानदाराने काय लिहिलंय ते बघ. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि तू जे तोंड आल्याचं लिहिलंस ते मला बरं दिसत नाही. लगेच बघून सांग.

म्हापसेकर_ताई (रविवार, रात्री ८:४१)
मला हा आजार १२ वर्षं आहे आणि मेथोट्रेक्सेट मी १० वर्षं घेतेय, त्यामुळे भीती वाटणं मला पूर्ण समजतं, मला पण नणंदेने हेच सांगितलेलं. पण आधी वरच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर दे गं.
बांगड्याचं सांगते. मासळीचं पथ्य असतं ते गाऊटला, म्हणजे युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजतो त्याला. आईचं युरिक ॲसिड नॉर्मल आहे, तिचा बांगडा कशाला बंद करता? उलट बांगडा-तारल्यात जे ओमेगा थ्री असतं त्याचा या आजारात थोडाफार फायदा दिसलाय, औषधाची जागा घेण्याइतका नाही, पण नुकसान तर नक्कीच नाही. आजारी माणसाच्या पानातून आवडीची वस्तू काढून घेतली की ते अजून खचतं, हे मी स्वतः भोगलंय.

सत्तरीची_लेक (रविवार, रात्री ८:५५)
भाऊ, पाकिटावर पेनाने "रोज रात्री १" लिहिलंय. आणि डॉक्टरांच्या कागदावर आता नीट बघितलं तर आठवड्यातून एकदा असं आहे. आईने पाच रात्री लागोपाठ घेतली. शेवटची गुरुवारी. हात थरथरतायत माझे.

जुना_फार्मासिस्ट_फोंडा (रविवार, रात्री ८:५९)
घाबरू नको पण उद्यावर टाकू नको. आत्ता निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन कर. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोलायचं की मेथोट्रेक्सेट १० एमजी रोज एक अशा पाच दिवस घेतल्या, शेवटची गुरुवारी, आणि तोंडात फोड आलेत. ते सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, किडनी, लिव्हर बघतील. रोज घेतली तर ही गोळी हाडांतला रक्त तयार करणारा मगज दाबून टाकते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात. त्यावर उतारा आहे, फोलिनिक ॲसिड म्हणून, ल्युकोव्होरिन पण म्हणतात, आणि तो जितका लवकर तितका चांगला. घरातली फॉलिक ॲसिडची गोळी त्याच्या जागी चालत नाही. आज दुखलं तरी कुठलीही पेनकिलर देऊ नको, त्याने हे औषध किडनीतून बाहेर पडायला उशीर होऊ शकतो. औषधाचं पाकीट आणि कागद दोन्ही बरोबर घे.

घुमटवाला (रविवार, रात्री १०:२०)
सगळं नीट होवो, देवाक् काळजी. मला स्वतःला चिकनगुनिया झालेला, दीड वर्ष मनगटं आणि घोटे धरलेले होते, आरतीला घुमट वाजवायला बसायचो आणि दुसऱ्या आरतीला उठायचो. त्यामुळे शेजारची मावशी बोलते ते हवेतलं नाही, चिकनगुनियानंतरचा वात अगदी र्‍हुमटॉइडसारखाच दिसतो, दोन्ही हात, सकाळचा आखडलेपणा सगळं तसंच. पण माझा अँटी सीसीपी निगेटिव्ह होता, डॉक्टरांनी त्यावरूनच मला समजावलेलं, आणि तुमच्या आईचा १८० च्या वर आहे, शिवाय दुखणं एप्रिलपासून आणि ताप जूनचा. ताप नंतर आणि दुखणं आधी असं कसं होईल?

म्हापसेकर_ताई (सोमवार, सकाळी ७:०५)
काही कळलं का? रात्रभर मनात तेच.

सत्तरीची_लेक (शनिवार, दुपारी ३:३०)
सगळ्यांना आधी सांगते, आई घरी आली. चार दिवस ॲडमिट होती. पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली आलेल्या, प्लेटलेट पण थोड्या, किडनी चांगली निघाली. ते फोलिनिक ॲसिड सुरू केलं, काल पेशी परत वर आल्या म्हणून सोडलं. तोंड अजून थोडं जळजळतं पण आज भात-हुमण जेवली. वॉर्डातल्या डॉक्टर म्हणाल्या अजून आठ-दहा दिवस अशीच घेत राहिली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. फोंड्याच्या भाऊ, तुम्ही एका शब्दावरून ओळखलंत, मी काय बोलू. त्या दुकानात बाबा जाऊन आले, पाकीट दाखवलं, तो माणूस खूप घाबरला आणि आता मी लिहिण्याआधी कागद दोनदा वाचतो म्हणाला.
आता खरा प्रॉब्लेम पुढे आहे. तीन आठवड्यांनी रक्त तपासून तेच औषध परत सुरू करायचं म्हणतात, आठवड्यातून एकदा. आई म्हणते मरेन पण ती गोळी नको, त्या पांढऱ्या बारीक गोळ्याच आणून दे. तिला मी काय सांगू?

जुना_फार्मासिस्ट_फोंडा (शनिवार, संध्याकाळी ६:४५)
देव पावला. आता निवांत लिहितो, आईला वाचून दाखव.
कॅन्सरचं औषध ही गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. आपल्या आंध्रातले भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली या औषध कंपनीत संशोधन करायचे, त्यांच्या टीमने फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं पण त्याचं काम अडवणारं ॲमिनोप्टेरिन बनवलं. बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ साली पहिल्यांदा जगाला दिसलं की हा कॅन्सर काही काळ तरी मागे हटतो. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच धाकटं भावंड. पुढे १९५१ मध्ये डॉ. गबनर यांनी ॲमिनोप्टेरिन थोड्या प्रमाणात सांधेवाल्या पेशंटना दिलं आणि सूज उतरली. पण तेव्हा सगळं जग कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या मागे होतं म्हणून तीसेक वर्षं कोणी फारसं बघितलं नाही, ८० च्या दशकात नीट तुलना करून अभ्यास झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळाली. आज जगभर या आजारात बहुतेक डॉक्टर सुरुवात यानेच करतात.
फरक डोसात आहे. कॅन्सरला मोठ्या डोसात सलाइनमधून एका वेळी शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅम जातं, आणि इथे आठवड्याला १० ते २५. एवढ्याशा डोसात ते पेशी मारत बसत नाही, सांध्यात ॲडेनोसिन नावाचा पदार्थ वाढतो आणि तो सूज शांत करतो, असं संशोधकांना वाटतं. आणि आठवड्यातून एकदाच का, तर हे औषध पेशींच्या आत जाऊन बसतं आणि बरेच दिवस तिथे काम करतं, रोज भर घातली तर तोंडातल्या आणि मगजातल्या पेशी, ज्या सतत नव्या होत असतात, त्यांना सावरायला वेळच मिळत नाही. आईच्या बाबतीत तेच झालं. औषध वाईट नव्हतं, पाकिटावरचे तीन शब्द चुकले होते.
पांढऱ्या बारीक गोळ्या म्हणजे माझ्या अंदाजाने स्टेरॉइड, पाकीट बघून खात्री कर. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती थोड्याच दिवसांत चालत बाजारात गेली, १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आईने अंगण झाडलं ना, तसंच. पण थोड्याच वर्षांत दिसायला लागलं की चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, आणि गोळी सोडली की आजार तिथेच बसलेला असतो. डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे थोडं देतात, मेथोट्रेक्सेटला जोर धरायला ६ ते १२ आठवडे लागतात तोवर, ते ठीक. पण मनाने आणून घ्यायचं नाही. आणि महिनोन्महिने घेत असेल तर एकदम बंद पण करायचं नाही.
पुन्हा सुरू झालं की सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त, नंतर दोन-तीन महिन्यांनी. आणि कोणी लघवीच्या इन्फेक्शनला को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला लागलं तर आधी सांगायचं की मी मेथोट्रेक्सेटवर आहे, दोन्ही एकत्र धोकादायक.

म्हापसेकर_ताई (शनिवार, रात्री ९:१५)
भाऊंनी सगळं सांगितलं, मी आईशी बाईमाणसासारखं बोलते. आई, मी पहिली दोन वर्षं घाबरून ही गोळी घेतली नाही, काढे, लेप, स्टेरॉइड असंच चाललं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दोन वर्षांत वाकडी झाली ती आजपर्यंत तशीच आहेत, नंतर कितीही चांगलं औषध घेतलं तरी झिजलेलं हाड परत येत नाही. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. तुमची बोटं अजून सरळ आहेत ना, मग ती सरळच राहू देत.
गोळीच्या दुसऱ्या दिवशी मला मळमळायचं, रात्री जेवून घ्यायला लागले तेव्हापासून कमी झालं. आणि वार ठरवा. आमच्याकडे सोमवारी शिवराक (मासळी-मटण नाही) असतं म्हणून सोमवार रात्र माझी गोळी, दहा वर्षांत एकदाही चुकली नाही. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या वारी.
आणि ही गोळी पुरली नाही तरी पुढे वाट आहे. मला सहाव्या वर्षी बायोलॉजिक इंजेक्शन लागलं. १९९२ मध्ये लंडनला मैनी आणि फेल्डमन या दोन डॉक्टरांनी टीएनएफ नावाचा सूज पेटवणारा पदार्थ अडवायचं औषध संधिवाताच्या पेशंटवर पहिल्यांदा वापरून बघितलं, त्यातलंच ते. आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट केली कारण टीएनएफ अडवलं की अंगात झोपलेला टीबी उठू शकतो, आपल्याकडे हे फार महत्त्वाचं.

फिजिओ_मडगाव (रविवार, सकाळी १०:४०)
हातांच्या व्यायामाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंग्लंडात ४९० पेशंटवर अभ्यास झालेला, २०१५ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला, नेहमीच्या औषधांबरोबर ज्यांनी हातांचे ताण आणि ताकदीचे व्यायाम ठरवून केले त्यांचे हात वर्षभराने जास्त चांगले चालत होते, आणि दुखणं काही वाढलं नाही. सूज खूप असेल त्या दिवसांत जोर लावायचा नाही, कोमट पाण्यात हात ठेवून नुसती मूठ उघडायची-मिटायची. आधी ताकद येऊ दे, पेशी पूर्ण सावरू दे.
अजून एक, सूज उतरल्यावर पण काही जणांना दुखत राहतं आणि घरचे म्हणतात रिपोर्ट तर चांगला आलाय, नाटक करते. असं बोलू नका. महिनोन्महिने दुखलं की मज्जारज्जू आणि मेंदूतल्या नसा जास्त संवेदनशील होतात, मज्जारज्जूत असं होतं हे क्लिफर्ड वुल्फ या संशोधकाने १९८३ मध्ये प्रयोगातून दाखवलं. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचा इलाज सांध्यात नसतो, झोप, हालचाल, कधी वेगळी औषधं असा असतो.

सत्तरीची_लेक (रविवार, रात्री ९:०५)
आईला सगळं वाचून दाखवलं, ताईंचं दोनदा. वाकड्या बोटांचं ऐकून तिने स्वतःचे हात मांडीवर पसरून बराच वेळ बघितले. मग म्हणाली सोमवार बरा, सोमवारी तसंही मी जास्त जेवत नाही, म्हणजे ताई तुमचं "जेवून घ्या" मला परत सांगावं लागणार. पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट सापडलं, भाऊ तुमचा अंदाज बरोबर, प्रेडनिसोलोन. सगळं मिळून वीसेक दिवसच घेतलेली आणि आता दोन महिने बंद आहे, तरी पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवते. बाबांनी कॅलेंडरवर तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारांवर लाल गोल केलेत आणि बाकीच्या वारी गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात राहणार. फिजिओ दादा, कोमट पाण्यात किती मिनिटं आणि दिवसातून किती वेळा तेवढं सांगा, उद्या सकाळपासून मी तिच्याबरोबर बसून करीन.