मांबा म्हणजे नक्की काय? मासा, मगर की साप?

कंपालाकर:
मंडळी, सहा महिन्यांपासून युगांडात, कंपालात आहोत. परवा गाबाच्या मासळीबाजारात गेलो, व्हिक्टोरिया लेकच्या काठावरच आहे तो. टिलापिया घ्यायचा होता पण शेजारच्या पाटीत हातभर लांब, चिखलाच्या रंगाचा, वामेसारखा एक प्रकार पडलेला आणि त्याचे पर म्हणजे नुसत्या सुतळ्या लोंबाव्यात तसे, वर मधूनच तोंड उघडून हवा घेत होता! विकणारी म्हणाली मांबा. मी दोन पावलं मागे, कारण आपल्या डोक्यात मांबा म्हणजे साप. सोमवारी ऑफिसात सांगितलं तर केनियाचा कलीग म्हणतो मांबा म्हणजे मगर, आणि इथलाच एक गांडा जमातीचा मित्र छातीवर हात ठेवून म्हणतो, मी स्वतःच मांबा, मी तो खात नाही. आता काय समजायचं?

मोंबासावाला:
तिघंही बरोबर आहेत, तुम्ही पण. स्वाहिलीत मगर म्हणजे मांबा, आमच्या मोंबासात मगरींचं पार्क आहे त्याचं नावच मांबा व्हिलेज. तुम्ही पाहिलात तो लंगफिश, स्वाहिलीत त्याला कंबारे मांबा म्हणतात, कंबारे म्हणजे आपल्या मागूरच्या जातीतला कॅटफिश. केनियातच किसुमूला लुओ लोकांत गेलात तर तोच मासा कामोंगो होतो. आणि लुगांडात, म्हणजे गांडा लोकांच्या भाषेत, मगरीला गोन्या म्हणतात त्यामुळे तिकडे घोळ होतच नाही, तिथे मांबा म्हणजे मासाच. नीट ऐका, ते म वर जोर देऊन म्मांबा म्हणतात.

शब्दकिडा:
साप आला दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेतून. झुलूत इमांबा, तिथून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे. झुलूत मगर इंग्वेन्या, म्हणजे परत वेगळंच. बाय द वे ब्लॅक मांबा काळा नसतो, करडा-तपकिरी असतो, काळं असतं ते तोंडाच्या आतलं. आणि आपण तरी कुठे धड आहोत, कृष्णाकाठी मगरीलाच सुसर म्हणणारे आहेत आणि पुस्तकात सुसर म्हणजे घडियाल.

गळ_आणि_गप्पा:
माशाबद्दल कोणी बोलेना म्हणून मी. याला खरोखरची फुप्फुसं असतात. मरळ पण वर येऊन हवा घेते, पण तिच्याकडे फुप्फुसं नाहीत, डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची वेगळी जागा असते. हा लेकातला लंगफिश तर पाण्याखाली दाबून धरला तर चक्क बुडून मरतो. आफ्रिकेत याच्या 4 जाती, तुमच्यावाला 2 मीटरपर्यंत जातो. काही जाती डबकं आटलं की चिखलात शिरतात, अंगावरचा चिकट स्राव सुकून कोष बनतो आणि त्यात महिनोन्‌महिने पडून राहतात. लेक काही आटत नाही, त्यामुळे तिथल्याला याची फारशी गरज पडत नाही.

एंटेबे_काकू:
'मी मांबा' चं उत्तर मी देते, 20 वर्षं इथे काढलीत. बुगांडात, म्हणजे इथल्या गांडा लोकांच्या राज्यात, कुळं असतात आणि प्रत्येक कुळाचा एक प्राणी किंवा झाड, त्याला मुझिरो म्हणतात, म्हणजे वर्ज्य असलेलं. म्मांबा हे सगळ्यात मोठ्या कुळांपैकी एक. तो प्राणी खायचा नाही, सहसा कुळातल्या कुळात लग्न नाही. आपलं देवकच की रे! त्यांचा प्रमुख गाबुंगा, त्याच्याकडे पूर्वी कबाकाच्या, म्हणजे राजाच्या होड्यांचं आरमार असायचं. मासा आणि पाणी, जुळतं ना? आणि जुन्या रीतीप्रमाणे बायकांनी हा मासा खायचाच नाही, कूळ कुठलंही असो.

कंपालाकर:
काकू, तुमचं वाचून आज त्या गांडा मित्राला आमचं देवक सांगितलं, पंचपालवी. म्हणाला, पाच झाडांची पानं? मग तुम्ही भाजी खाता की नाही? मी अजून उत्तर शोधतोय. टिलापिया मात्र तळला, मस्त झाला.