त्रिकोणी तुकडा लहान का पडतो?

प्रश्न: गोधडीचा 9 इंची ब्लॉक (तुकडे जोडून केलेला चौकोनी भाग), 3×3 घरं. साधे चौकोन साडेतीन इंचाचे कापले, ते बरोबर बसले. तेवढेच दोन रंगांचे चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके कापून, दोन रंगांचे त्रिकोण जोडून चौकोन केला, तर तो जेमतेम 3⅛ भरतो. असं का?

उत्तर 1: सरळ शिलाईला दोन्हीकडचा पाव इंच दाब धरून अर्धा इंच पुरतो. तिरक्या शिलाईत पाव गुणिले 1.414, म्हणजे 0.35 आणखी जातो. एकूण 0.85, म्हणून 3 इंची घराला ⅞ जास्त धरा, चौकोन 3⅞ चा कापा.

उत्तर 2: मी तर सरळ 4 चा कापून, जोडून, साडेतीनला छाटायला सांगेन. छाटताना पट्टीची 45 अंशांची रेघ शिलाईवरच हवी. आणि इस्त्री दाबा, ओढू नका; तिरकी कड लगेच ताणली जाते.

उत्तर 1: छाटणार असाल तर उत्तमच.