'पोटेन्शिअल' असलेला फलंदाज: होतकरू, वकूब की कस?

परवा भाचीने विचारलं, "मामा, 'यशस्वी जयस्वालमध्ये खूप पोटेन्शिअल आहे' हे मराठीत कसं लिहू?" मी 'क्षमता' म्हणून मोकळा झालो आणि दिवसभर ते खटकत राहिलं. क्षमता म्हणजे आज आहे ती. पाचशे लिटर क्षमतेची टाकी आज पाचशेच लिटर धरते आणि दहा वर्षांनीही तेवढंच. तरुण फलंदाजाबद्दल बोलताना आपण, जे अजून व्हायचंय, त्याबद्दल बोलत असतो.

मग 'होतकरू' आठवला. त्यात 'होणं' आहे, म्हणून मला तो फार आवडतो. पण नोटिशींमधल्या 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यां'नी त्याला एक दयेची छटा चिकटवली आहे. जयस्वाल आझाद मैदानावर तंबूत राहिला, हे खरंच आहे. पण त्याला होतकरू म्हटलं की बातमीत तंबूच मोठा होतो आणि बॅट मागे पडते. शिवाय हा शब्द वयाला बांधलेला आहे. तिशीतल्या माणसाला कुणी होतकरू म्हणत नाही.

'उदयोन्मुख' वर्तमानपत्री आहे, बोलण्यात येत नाही. 'वकूब' मूळचा अरबी, पण मराठीत तो बहुतेक वेळा कुंपण दाखवायला येतो: "आपला वकूब ओळखून खेळ." विशीतल्या पोराला कुंपण कशाला दाखवायचं?

खरी गंमत क्रियापदांत आहे. आपल्याकडे जोखणं वेगळं आणि पारखणं वेगळं. जोखायला तराजू लागतो, पारखायला नजर. सरासरी बघून मत दिलं तर ते जोखणं. विनोद कांबळी १७ कसोटी खेळला, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, त्यात १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं. तराजूत घाला, पारडं खाली जाईल. तरी शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वय अवघं २३. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण मला इथे अपुरी वाटते. १९८८ साली हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली; सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. पाळणा एकच होता, आणि त्या दिवशी विनोदचे पाय जास्त लांब दिसत होते.

पारखणारे धावा नंतर बघतात. मैदानावरचे जुने लोक म्हणतात, "ह्याच्याकडे वेळ आहे." म्हणजे चेंडूचा टप्पा याला लवकर दिसतो, त्यामुळे वेगवान गोलंदाजीवरही घाई झालेली दिसत नाही. पोटेन्शिअलला मला सापडलेला सगळ्यात मराठी पर्याय हाच. तो शब्द नाही, वाक्य आहे.

प्रतिसाद: आमच्या कोल्हापूरकडं सरळ 'धमक' म्हणत्यात. "पोरात धमक हाय." त्यात सगळं आलं की!

मूळ लेखक: धमक छानच, दादा. पण धमक म्हणजे समोर संकट आल्यावर उभं राहायची ताकद. अंगात गुण आहे आणि धमक नाही, असंही होतं. म्हणून मी तुमच्या धमकीला— नव्हे, 'धमके'ला— 'कस' जोडेन.

कस शेतजमिनीचाही असतो आणि सोन्याचाही. लहानपणी आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडे मी तासन्‌तास बसायचो. ते काळ्या दगडावर अंगठी घासायचे, पिवळी रेघ उमटायची. तिच्यावर थेंबभर आम्ल सोडायचे. रेघ पुसली गेली की गप्प बसायचे. टिकली तर मान हलवायचे. तो दगड म्हणजे कसोटी. पाच दिवसांच्या सामन्याला मराठीने हेच नाव दिलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

जयस्वालने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकात कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या, २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या एकाच मालिकेत ७१२. ही रेघ झाली. आम्ल पडलं नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात, पर्थला. पहिल्या डावात शून्य. दुसऱ्या डावात, त्याच खेळपट्टीवर, स्टार्क-हेझलवूड या त्याच वेगवान गोलंदाजांसमोर २९७ चेंडू खेळून १६१. आदल्या डावात ड्राइव्ह मारायला जाऊन बाद झालेल्या बावीस वर्षांच्या पोराने आता बाहेरचे चेंडू सोडायला सुरुवात केली. त्या १६१ पेक्षा ते सोडलेले चेंडू मला मोलाचे वाटतात.

तेव्हा भाचीला मी आता असं लिहून पाठवलंय: "जयस्वालच्या फलंदाजीत कस आहे, आणि त्याच्याकडे वेळ आहे." दुसऱ्या अर्धवाक्याचे दोन्ही अर्थ तिने तसेच राहू द्यावेत.