यंत्राला कातडीचा रंग कळतो का?

सांजवात
काल इथे 'खुर्दा' यांनी लिहिलं की अमेरिकेतले काळे लोक जास्त मरतात ते गरिबीने आणि अरबट-चरबट खाण्याने; दवाखान्यातला वंशवाद हे नुसतं रडगाणं. शेवटी टोमणा : "पल्स ऑक्सिमीटरला काय माणसाचा रंग कळतो?" सोडून देणार होते, पण या वाक्याने डोकं फिरलं. अहो, कळतो! बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडायचा, किती शोषला गेला त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा काढायचा, हेच तर ते यंत्र करतं. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ताडून पाहिलं : यंत्र 92 ते 96 दाखवतंय आणि धमनीच्या रक्तात प्रत्यक्ष 88 च्याही खाली, असं गोऱ्यांत 3.6 टक्के वेळा, काळ्यांत 11.7 टक्के. म्हणजे ज्याला ऑक्सिजन लावायला हवा त्यालाच "घरी जा, ठणठणीत आहात".

किडनीचंही तेच. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनी किती काम करते ते काढायच्या 1999 च्या सूत्रात रुग्ण काळा असेल तर उत्तराला 1.18 ने गुणायचं. रक्त तेच, पण कागदावर किडनी धडधाकट, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा. वंश वगळलेलं सूत्र यायला 2021 उजाडलं.

खुर्दा
ताई, त्यांच्या रक्तात क्रिएटिनिन जास्त सापडलं म्हणून गुणाकार आला. शरीरं वेगळी असतात, त्यात वंशवाद कुठे? सिकलसेल, तो रक्ताचा आनुवंशिक आजार, गोऱ्यांना का होत नाही? आणि इंग्लंडात उपचार फुकट आहेत, तिथे कशाचं खापर फोडणार?

मिडलंड्सची सून
फुकट आहेत हो. तरी 2016 ते 2018 मध्ये इथे गरोदरपणात-बाळंतपणात दगावण्याचं काळ्या बायकांचं प्रमाण गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त होतं. आपल्यासारख्या आशियाई बायकांचंही जवळपास दुप्पट. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर टाक्यांत ठणका सहन होईना. मिडवाइफ म्हणे, तुमच्याकडच्या बायका जरा जास्तच ओरडतात. चौथ्या दिवशी पू निघाला.

गरिबीच म्हणत असाल तर टेनिसपटू सेरेना विल्यम्स घ्या. 2017 मध्ये मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी धाप लागली. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आधीचा, म्हणून स्वतःच सीटी स्कॅन मागितला. नर्सला वाटलं, औषधाच्या गुंगीत बरळतेय. स्कॅनमध्ये फुफ्फुसात गुठळ्याच निघाल्या. तिच्याकडे काय पैसे कमी होते?

खुर्दा
एका खेळाडूचा किस्सा म्हणजे पुरावा? तुमचे टाके आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही चिघळले असते. वर शिव्या फुकट.

सातपुड्याचा
सिकलसेल गोऱ्यांना होत नाही हे कुठल्या गाईडात वाचलंत? जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया, तिथे तो. ग्रीसमध्ये आहे, गडचिरोलीत आहे, आमच्या नंदुरबारात आहे. अमेरिकेत सिकलसेलचा काळा पेशंट कळा येतात म्हणून मॉर्फिन मागायला गेला की आधी नशेबाज ठरतो. आमच्याकडे मॉर्फिन दूरच, आडनाव वळवी-पाडवी असं आदिवासी निघालं की "नाटकं करू नको". माझ्या चुलतभावाने अशी रात्र बाकावर काढलीय. तेव्हा गोऱ्यांना नावं ठेवताना जरा दमानं घ्या.

काढा_किंग
झालं, आपल्याकडचं उगाळणं आलंच! मुद्दा ऑक्सिमीटरचा होता ना? एप्रिल 2021 मध्ये मी तो 2400 रुपयांना घेतला. चिनी. मी 98, बायको 98, गंमत म्हणून पेन घातलं तर तेही 98! कसलं मेलॅनिन घेऊन बसलाय, मालच बोगस.

सांजवात
मिशिगनवाल्यांनी हॉस्पिटलमधली यंत्रं तपासली होती, तुमच्या गल्लीतली नव्हे.

मेडिकलवाला
2400 वर ओरडताय, तेव्हा आम्हालाच होलसेलला 1700 पडत होता, तोही आगाऊ पैसे भरून. माल बोगस निघाला की शिव्या दुकानदाराला. कंपनीला फोन लावा की कधी.

काढा_किंग
1700 चा 2400 ला विकलात, वर सहानुभूती पण हवी?

खुर्दा
बरं बाई, ऑक्सिमीटरचं मानलं. पण ते भौतिकशास्त्र झालं, वंशवाद नव्हे. सत्कार करा माझा.

सांजवात
नारळ तयार आहे. फक्त एवढं सांगा : काळ्या कातडीवर यंत्र चुकतं हे 1990 च्या अभ्यासातही दिसलं होतं. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने वेगवेगळ्या रंगांच्या कातडीवर नीट चाचण्या घ्या असा मसुदा काढला जानेवारी 2025 मध्ये. गोऱ्या बोटांवर चुकत असतं तर पस्तीस वर्षं लागली असती?

खुर्दा
सरकारी काम. कुणाच्याही बोटाला तेवढीच लागतात.

सातपुड्याचा
ऑक्सिमीटरच्या किमतीवर भांडायला वेळ आहे, सिकलसेलवर एकाही माणसाचं उत्तर नाही. चालू द्या.

मेडिकलवाला
@काढा_किंग, सहानुभूती नको, पावती दाखवा. कुठल्या दुकानातून घेतलात ते तरी कळू दे.